हजार पावलांतले तडे

केतकी निकमला नवऱ्याचा चेहरा जितका पाठ होता, त्याहून त्याची डावी टाच जास्त पाठ होती. रोज सकाळी साडेपाचला हर्षद दिवाणावर पालथा पडायचा आणि ती त्याच्या पायाशी बसून 'चाहूल' चिकटवायची. टाचेच्या हाडापासून मोजून चार बोटं वर, नेमकी शिरेवर. माणसाला स्वतःच्या पायाची मागची बाजू काही धड दिसत नाही, त्यामुळे हे काम दुसऱ्यानंच करायचं असतं. त्या वर्षी साताऱ्यातल्या धावणाऱ्या घरांत पहाटे हेच दृश्य होतं, कुणी ना कुणी कुणाच्या तरी टाचेशी बसलेलं.

ही गोष्ट आणखी दहा-बारा वर्षांनंतरची. 'चाहूल' म्हणजे टिकल्यांच्या पाकिटाएवढी पातळ पट्टी. तिच्यामागचं शास्त्र मात्र जुनंच. लोखंडी पूल एका दिवसात मोडत नाही. आधी आतल्या आत बारीक चिरा पडत जातात, आणि प्रत्येक चीर पडताना एक आवाज करते. तो इतक्या वरच्या पट्टीतला असतो की माणसाच्या कानाला लागतच नाही. इंजिनिअर लोक पुलांना यंत्रं लावून तो आवाज ऐकत आले होते. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की टाचेमागची जाड शीर म्हणजे तरी दुसरं काय आहे? हजारो बारीक धाग्यांचा दोरच तो. धावताना प्रत्येक पावलाला त्या दोरावर शरीराच्या वजनाच्या सहापट ओढ पडते आणि त्यातले थोडे धागे तुटतात. झोपेत शरीर ते पुन्हा सांधतं. तुटणं आणि सांधणं बरोबरीनं चाललं तर पाय जन्मभर पुरतो, आणि तुटणं पुढे गेलं की एक दिवस शीरच तुटते. ही पट्टी ते तुटण्याचे आवाज मोजायची आणि फोनवर एकच आकडा दाखवायची, हजार पावलांत किती तडे. वीसच्या आत हिरवा. चाळिशीला पिवळा. साठच्या वर लाल, म्हणजे बूट काढा आणि मुकाट्यानं घरी बसा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण दोन माणसं शेजारी शेजारी धावली की एकाचा आवाज दुसऱ्याच्या पट्टीत शिरायचा. म्हणून कंपनीनं पट्ट्यांना एकमेकींची ओळख करून दिली. शेजारी कोण धावतंय ते कळलं की त्याचे आवाज वजा करता यायचे. आणि एवढी माहिती हाताशी आल्यावर कंपनी थोडीच गप्प बसणार? झोप किती घ्यावी, पाणी किती प्यावं, बूट कधी बदलावेत या सल्ल्यांच्या खाली एक नवीन पान आलं. त्याचं नाव होतं 'सोबत'. कुणाबरोबर धावताना तुमच्या पायात किती तडे पडतात, त्याची यादी, सोबत धावणाऱ्या सगळ्यांना दिसणारी.

केतकीच्या संसारात बिब्बा घातला तो या पानानं.

तिच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपची रीत अशी की यवतेश्वरचा घाट एकट्यानं चढायचा नाही. जोडीनं चढायचं, जोडीनं उतरायचं, आणि जोडीदाराला घाटात टाकून यायचं नाही. डिसेंबरात ग्रुपची घाटदौड असायची, एकवीस किलोमीटरची, तीही जोड्यांचीच. शेवटची रेघ दोघांनी हातात हात घालून ओलांडायची, तरच वेळ धरली जायची. जोड्यांची यादी केतकी करायची. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि याद्या करण्यात तिचा हातखंडा होता. वीस वर्षं त्या यादीत पहिली ओळ एकच होती, हर्षद-केतकी. गेल्या वर्षी दोघांना दोन तास, एक मिनिट, चाळीस सेकंद लागले होते. हर्षद आता एकोणपन्नास वर्षांचा. दोन तासांच्या आत एकदा तरी, हे त्याचं दहा वर्षांचं वेड होतं.

ऑक्टोबरात सहामाही परीक्षेचे पेपर तपासायचे म्हणून केतकीनं एक रविवार बुडवला. हर्षदला त्या दिवशी अनघा साबळेबरोबर धाडलं. अनघा बांधकाम खात्यात इंजिनिअर, नुकतीच बदलून आलेली, एकटी राहणारी, आणि उंचीला जवळजवळ हर्षदएवढी. यादीत तिचं नाव केतकीनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. हे तिला पुढे बरेच दिवस सलत राहिलं.

पुढच्या रविवारी घाट उतरून सगळे नेहमीच्या हॉटेलात पोहे खायला बसले होते. ग्रुपचे फिजिओथेरपिस्ट डॉक्टर मोहिते सगळ्यांच्या पायांचे आकडे बघायचे. त्यांनी हर्षदचा फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "निकम, हे काय आहे? वहिनींबरोबर एक्केचाळीस, आणि साबळे मॅडमबरोबर चौदा?"

सत्तरीचे पोळ सर, निवृत्त पीटी शिक्षक, घशातल्या घशात हसले. "वहिनी, यंत्रानं काडीमोड दिला बघा तुम्हाला."

सगळे हसले. हर्षदही हसला. केतकीनंही तोंड हसरं केलं आणि पोह्यातली मिरची वेचून बशीच्या कडेला ठेवली. टेबलाच्या त्या टोकाला अनघा लिंबू पिळत होती. तिनं हसूनही पाहिलं नाही आणि लाजूनही पाहिलं नाही, याचाच केतकीला जास्त राग आला.

"चेष्टा राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "एक्केचाळीस म्हणजे पिवळा आहे. असंच चाललं तर मी दौडीला सही देणार नाही. पुढचे काही आठवडे यांनाच सोबत धरा, निकम. कारण काय ते नंतर बघू, आधी पाय वाचवू."

घरी आल्यावर केतकीनं आंघोळ केली, कुकर लावला, कणीक मळली, आणि कणीक मळता मळताच विचारलं, "काय बोलता रे तुम्ही दोघं धावताना?"

"कोण? मी आणि साबळे मॅडम?" हर्षद बुटांच्या नाड्या सोडत होता. "काहीच नाही."

"चौदा किलोमीटर काहीच नाही?"

"खरंच काही नाही. पळतो आपले."

त्यानं सांगितलं ते खरंच होतं, कारण हर्षदला खोटं बोलता यायचं नाही. सरळ नाकासमोर चालणारा माणूस तो, विमा कंपनीत इतकी वर्षं काढून तसाच राहिलेला. पण केतकीला तेच खटकलं. दोघं काहीतरी फालतू गप्पा मारतात असं तो म्हणाला असता तर तिला परवडलं असतं. त्याच्याबरोबर घाटात धावताना तर तिची अखंड टकळी चालायची. पुण्याला शिकणाऱ्या मुलीची मेस, शाळेतल्या हेडबाईंची खडूस वागणूक, गॅसची शेगडी, सगळं काही. म्हणजे तिच्या बोलण्यानं याच्या पायाला तडे जात होते की काय?

तिनं ते करूनही पाहिलं. बुधवारी दोघं घाट सोडून डांबरी रस्त्यानं गोडोलीच्या तळ्यापर्यंत धावले आणि ती तोंडाला कुलूप लावून धावली. आठ किलोमीटर एक अक्षर नाही. हर्षदनं तीनदा विचारलं, बरं नाही का तुला? घरी येऊन आकडा बघितला तर त्रेचाळीस.

मग सुरू झालं ते फार वाईट होतं. तिला ते वाईट आहे हे कळत होतं, तरी थांबवता येत नव्हतं. दर रविवारी पहाटे ती नवऱ्याच्या टाचेवर नेमक्या जागी पट्टी लावायची आणि स्वतःच्या हातानं त्याला दुसऱ्या बाईकडे पाठवायची. तिची जोडी आता पोळ सरांबरोबर. ते घाटभर उपदेश करत. उठल्याबरोबर कोमट पाणी प्या, पोटरीला तिळाचं तेल लावा, थंडीत अंग तापल्याशिवाय पळू नका. ती हो हो म्हणायची आणि नजर वरच्या वळणावर लावून ठेवायची. तिथे दोन उंच आकृत्या पुढे पुढे जात, पावलाला पाऊल जुळवून. चौदा. तेरा. पंधरा. प्रत्येक आकडा तिला गालावर चपराक मारल्यासारखा लागायचा.

आकड्याशी भांडता येत नाही, हीच तर अडचण होती. एखादीनं नवऱ्याकडे बघून डोळे मिचकावले असते तर केतकीनं तिची खरडपट्टी काढली असती. इथं कुणी काही केलंच नव्हतं. हर्षदचं मन कुठं आहे ते तिनं विचारलं असतं तर त्यानं 'तुझ्यापाशी' असंच सांगितलं असतं, आणि तेही खरं मानून. पण त्याच्या शिरेला काय वाटतं ते शीरच सांगत होती. शरीर शांत होतं ते त्या बाईशेजारी. वीस वर्षं आपल्याशेजारी हा माणूस आतल्या आत तुटत होता आणि आपण शेगडीबद्दल बोलत होतो, हा विचार तिला भाजी चिरताना यायचा, वर्गात नकाशा टांगताना यायचा. आरशासमोर उभं राहून ती स्वतःचे आखूड पाय बघायची. एकदा तर तिनं बाजारात अनघाला लांबून पाहिलं आणि विनाकारण गल्ली बदलली.

नोव्हेंबरच्या मध्याला दौडीसाठी जोड्यांची नावं द्यायची होती. डॉक्टर म्हणालेच, "निकम-साबळे लिहा वहिनी, नाहीतर मी सही देत नाही." केतकीला डोळ्यांसमोर शेवटची रेघ दिसली. बाजूला उभे लोक टाळ्या वाजवताहेत, घड्याळात दोन तासांच्या आतला आकडा आहे, आणि हर्षदच्या हातात हात आहे अनघा साबळेचा. आणि ती स्वतः पोळ सरांचं बोट धरून अर्ध्या तासानं येते आहे. दहा वर्षं ज्याच्यासाठी तिनं पहाटे उठून उठून जिवाचं रान केलं, तो क्षण परक्या बाईला आयता मिळणार होता.

नावं द्यायच्या आधीच्या रविवारी अनघा कामासाठी मुंबईला गेली. हर्षद केतकीबरोबर धावणार होता. पहाटे तो नेहमीसारखा पालथा पडला. केतकीनं बोटं मोजली, एक, दोन, तीन, चार. मग आणखी दोन मोजली आणि पट्टी तिथे चिकटवली.

तिथे शीर पोटरीच्या मांसात मिसळते. पट्टी काही फार चोखंदळ नव्हती. तिथेही ती इमानदारीत ऐकत बसायची, फक्त तिथे ऐकू येण्यासारखं फारसं काही नसायचं.

आकडा आला बारा.

"बारा!" हर्षदनं फोन दोनदा बघितला, आणि मग त्यानं जे केलं ते केतकीला पुढे फार दिवस आठवत राहिलं. भर रस्त्यात, घामेजलेल्या अंगानं, त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "बघ, मी म्हणतच होतो. काहीतरी चुकत होतं त्या यंत्राचं."

डॉक्टरांनी खांदे उडवले. आराम पडला असेल, बूट मानवले असतील, शरीराचं काही सांगता येत नाही, असं म्हणून त्यांनी सही केली. यादीत पहिली ओळ पुन्हा हर्षद-केतकी झाली. अनघाला केतकीनं स्वतः फोन करून सांगितलं, आवाजात शक्य तेवढी साखर घालून. "अरे वा, छान झालं की," अनघा म्हणाली, आणि तिचा आवाज चक्क आनंदी होता. केतकीनं मनात म्हटलं, नाटकी मेली.

तीन आठवडे सहा बोटांवरची पट्टी हिरवा आकडा दाखवत राहिली आणि केतकी घाटभर बोलत राहिली. इतकी खूश ती कितीतरी दिवसांत नव्हती. हर्षद वेग वाढवत होता. आकडा हिरवा असल्यावर का वाढवू नये?

दौडीला चार दिवस उरले तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो सकाळी जिना आडवा होऊन उतरतोय, एक हात भिंतीला लावून. विचारलं तर म्हणाला, थंडीनं आखडतं, दहा मिनिटांनी सुटतं. उठल्यावरच्या पहिल्या पावलांना टाचेमागं दुखणं, हे लक्षण धावणाऱ्या माणसाला शिकवावं लागत नाही. केतकीलाही ते माहीत होतं. पण हातात हिरवा आकडा होता, आणि हर्षदनं त्याच्यावर विश्वास ठेवला होता. केतकीनं त्याच्या विश्वासावर विश्वास ठेवला. चार दिवस तिनं स्वतःलाही थंडीचंच कारण सांगितलं.

दौडीच्या दिवशी तो पालथा पडला. तिनं चार बोटांवर अंगठा ठेवला तेव्हा शीर गरम लागली, आणि जाड, करंगळीएवढी. हर्षदनं दातांवर दात दाबले.

केतकीनं पट्टी हातात तशीच धरून ठेवली. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत होती. आणखी दोन बोटं वर लावली की झालं, एकवीस किलोमीटरचा तर प्रश्न, संध्याकाळपासून आराम. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग अंगठ्याखाली शीर एकदा उडाली आणि तिनं पट्टी चार बोटांवर लावली.

सुरुवातीची रेघ घरापासून दहा मिनिटांवर. दोघं चालत निघाले. पाचशे पावलं झाली असतील नसतील, हर्षदचा फोन थरथरला. लाल, अडुसष्ट, तोही नुसता चालताना.

"बिघडलं वाटतं," तो म्हणाला. "काल तर अकरा होते."

"बिघडलं नाही."

"मग?"

"काल मी पट्टी वर लावली होती. पोटरीवर. तीन आठवडे वरच लावतेय. तुझं नाव मला तिच्याबरोबर लिहायचं नव्हतं."

हर्षद थांबला. त्याला समजायला वेळ लागला, कारण असं काही त्याच्या डोक्यातच येण्यासारखं नव्हतं. तो फुटपाथच्या कठड्यावर बसला, डावा बूट काढला, मोज्यात हात घालून शीर चाचपली. नंतर त्यानं उजवाही बूट काढला.

"शिव्या दे मला," ती म्हणाली.

"शिव्या देऊन काय होणारे?" तो म्हणाला. "तुझ्या हातात पाय देऊन डोळे मिटून पडायचो मी, केतकी."

बूट हातात घेऊन, मोज्यांवर लंगडत, तो सुरुवातीच्या रेघेपर्यंत गेला. डॉक्टर मोहित्यांनी पाय दाबून पाहिला आणि त्यांचा चेहराच सगळं बोलला. आणखी दहा किलोमीटर पळाला असतात तर शीर सुटली असती, म्हणाले. चार महिने धावणं बंद. अनघा पाण्याच्या टेबलावर मदतीला आली होती. हर्षदनं तिलाच हाक मारली. "मॅडम, बूट आहेत ना पायात? माझ्या जागी तुम्ही पळा हिच्याबरोबर."

"मी नाही पळणार," केतकी म्हणाली.

"जोडीसाठीच केलंस ना सगळं? मग पळ जोडीनं," हर्षद म्हणाला आणि तोंड फिरवून खुर्चीत बसला.

अशी ती निघाली. मनात शरम होती, भीती होती, आणि या सगळ्याच्या तळाशी मत्सर अजून तसाच धगधगत होता. खोटं बोलावं कशाला, अनघाची लांब टांग शेजारी पडताना बघून तिला तेव्हाही वाटत होतं, हिच्यामुळे झालं सगळं. दोन किलोमीटरवर समर्थ मंदिर मागे पडलं, चढ लागला.

"बरं झालं तुमच्याबरोबर पळायला मिळालं," अनघा म्हणाली. "राग नका मानू, पण तुमच्या मिस्टरांबरोबर माझे फार हाल झाले."

केतकीनं मान वळवली. "हाल?"

"सपाट पट्टा सोडतच नाहीत हो ते. कुठलाही डांबरी रस्ता मधे सपाट आणि कडेला गटाराकडे उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. आम्हीच तसा करतो. त्या उतरत्या कडेवर पळालं की बाहेरचं पाऊल सारखं तिरकं पडतं आणि शिरेला पीळ बसतो. निकम सर पहिल्या दिवसापासून मधे. मी आपली कडेला. एकदा म्हटलं, जरा आत घ्या, तर त्यांना ऐकूही आलं नाही. माझा आकडा अठराचा पस्तीस झाला. त्यांच्या दौडीसाठी म्हणून गप्प बसले. तुमचा फोन आला तेव्हा म्हटलं, सुटले बाई."

केतकीच्या पायांनी आपोआप वेग कमी केला. "माझ्याबरोबर पळताना तो मधे नसतो," ती हळूच म्हणाली. "तो कडेला असतो."

"हो ना? तरीच," अनघा म्हणाली. "तुमचा स्वतःचा आकडा बघितलाय कधी? निकम सरांबरोबर आठ आहे तुमचा. सबंध ग्रुपमध्ये एवढा कमी कुणाचा नाही. मी बघितला ना एकदा, मला वाटलं चुकून पडलाय."

केतकीनं बघितला नव्हता. दोन महिने ती दिवसातून दहा वेळा ते पान उघडत होती, आणि नेहमी हर्षदचीच ओळ बघत होती. स्वतःची ओळ तिथेच खाली होती. कडेला तो, मधे ती. चढताना, उतरताना, वळणावर. रस्त्याची बाजू बदलली की त्यालाही बाजू बदलावी लागत असेल, आणि तो बदलत असेल, ती बोलत असताना. वीस वर्षांत तिला पायाखालचा रस्ता कधी तिरका लागलाच नव्हता, त्यामुळे रस्ता कडेला तिरका असतो हेच तिला माहीत नव्हतं. भूगोलाची बाई असून.

"तुम्ही आत या," ती अनघाला म्हणाली. "मी कडेनं येते."

"अहो नको, सवय नाही तुम्हाला."

"या म्हणते ना."

चौथ्या किलोमीटरला तिच्या डाव्या घोट्याच्या बाहेरच्या अंगाला चुरचुरायला लागलं. आठव्याला टाचेमागं आग व्हायला लागली. अनघानं दोनदा तिला दंडाला धरून आत ओढायचा प्रयत्न केला, तिनं ऐकलं नाही. तिला हे पावलापावलानं मोजून बघायचं होतं. उतारावर तर प्रत्येक पाऊल घसरून कळ वर पोटरीपर्यंत जात होती, आणि इथंच, नेमकं इथंच, हर्षद तिला विचारायचा, मग हेडबाई काय म्हणाल्या? तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अनघाला वाटलं, पाय दुखतोय.

शेवटची रेघ दोघींनी हातात हात घालून ओलांडली. दोन तास सव्वीस मिनिटं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हर्षद खुर्चीत बसला होता, डावा पाय दुसऱ्या खुर्चीवर, टाचेखाली बर्फाची पिशवी. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

केतकी त्याच्या पायाशी जमिनीवर बसली. लोक बघत होते, बघू देत.

"तू कडेनं का पळायचास?" तिनं विचारलं.

"काय?"

"माझ्याबरोबर. वीस वर्षं. कडेनं का?"

बोलायचं नाही असं त्यानं ठरवलंच होतं. पण प्रश्न बहुधा त्याला कुणी कधी विचारला नव्हता, आणि त्यालाही उत्तर शोधावं लागलं असावं. "आपण दुसऱ्या वर्षी पळत होतो तेव्हा तुझा घोटा मुरगळला होता," तो शेवटी म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं, हिला सहा आठवडे रस्त्याच्या सपाट भागावरून पळू दे. म्हणून मी कडेला झालो."

"सहा आठवडे."

"हो."

"मग?"

"मग काय? परत आत ये असं कुणी म्हटलंच नाही."

ती गुडघ्यावर हनुवटी टेकवून तशीच बसून राहिली.

"मी अजून बोलत नाहीये तुझ्याशी," हर्षद म्हणाला. "तू केलंस ते फार वाईट केलंस."

"माहितेय."

मग त्याची नजर खाली गेली. तिचा डावा घोटा मोज्यावर फुगून आला होता. "कडेनं पळालीस?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. त्याच्या कपाळावरची आठी काही मिटली नाही. पण तो पुढे वाकला, स्वतःच्या टाचेखालची बर्फाची पिशवी काढली आणि तिच्या घोट्यावर ठेवली. आपण काय करतोय हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

केतकीच्या ते लक्षात आलं. तिनं पिशवी उचलली, परत त्याच्या टाचेखाली सरकवली आणि त्यानं पुन्हा काढू नये म्हणून दोन्ही हातांनी तिथेच धरून बसली.